दुसऱ्यांदा भरलेले पेले

पेल्यांच्या आत दोन-दोन कडी होती. एक काठाच्या जरा खाली, वाळून काळपट जांभळं झालेलं. दुसरं निम्म्यावर, अजून ओलसर. द्राक्षाचा रस वाळताना रंग आणि साखर कडेला लोटतो, म्हणून कडं आतल्या भागापेक्षा नेहमी गडद दिसतं. सूनबाईला यात नवीन काही नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस ती रक्ताच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काचपट्ट्यांवर असलीच कडी बघायची. वरचं कडं पहिल्या वेळचं होतं. खालचं दुसऱ्या वेळचं. दुसऱ्यांदा रस पुरेना, म्हणून तिनेच पेले अर्धे भरले होते.

तिने हातातला पेला उजेडाकडे धरून पाहिला आणि गरम पाण्यात सोडला.

सकाळी चर्चच्या उपासनेत पप्पांनी, म्हणजे तिच्या पाळक सासऱ्यांनी, प्रभुभोजनासाठी नेहमीसारखीच भाकर मोडली होती. पेले वाटले गेले, रिकामे गोळा झाले, आभाराची प्रार्थना झाली, गीत झालं. आता आशीर्वाद द्यायचा आणि उपासना संपवायची. पण पप्पा मेजाकडे वळले, पांढरं कापड पुन्हा उचललं आणि भाकर हातात घेऊन तेच शब्द, त्याच आवाजात, पहिल्यापासून सुरू केले. सभागृहात कुणी हललं नाही. वाटणारे चार पुरुष एकमेकांकडे बघत उठले. त्यांतल्या एकाने रिकाम्या पेल्यांचं तबक बाजूच्या खोलीत आणून तिच्यासमोर धरलं. तो बोलला नाही. तीही बोलली नाही. उष्टे पेले, कुठला कुणाचा याचा पत्ता नाही, आणि तिने त्यात बाटलीतला उरलेला रस ओतला. प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर तिने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. इथे तिने तबक पुसून परत दिलं. सगळी मंडळी दुसऱ्यांदा प्याली आणि दुसऱ्यांदा ‘आमेन’ म्हणाली. कुणी अडखळलंही नाही.

“वहिनी, अजून घासतेस? काच झिजेल आता.”

धाकटी नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काल रात्रीच्या गाडीने ती आली होती. दुसऱ्या शहरात एका लहानशा मंडळीची ती पाळक होती; या घरात मात्र तिला अजून ‘बाहेर काहीतरी करते’ असंच म्हणत.

“चिकट झालेत,” सूनबाई म्हणाली.

“मी शेवटच्या बाकावर होते. माझ्याकडेही आला दुसरा पेला.”

“मग?”

“मग काय. घेतला.” नणंदेने फडकं उचललं आणि पेले पुसायला लागली. “माझ्या मंडळीत मी जरा जास्त वेळ बोलले की एक आजी सरळ हात वर करते, म्हणते, बाई, बसा आता. आणि इथे पाय ठेवला की मी परत बारा वर्षांची. आई असती तर खोकली असती ग.”

सासूबाई जाऊन तीन वर्षं होत आली होती. पप्पांचं काही चुकलं, उपदेश लांबला, कुणाचं नाव विसरलं, की पहिल्या रांगेतून त्यांचा खोकला यायचा. एकदाच, कोरडा. पप्पा चष्मा सारखा करत आणि वळणावर येत. सगळी मंडळी त्या खोकल्यावर विसंबून होती, आणि तो गेल्यावर त्या जागी कुणी बसलंसुद्धा नव्हतं. ती जागा मान म्हणून रिकामी ठेवली होती.

“दादा कुठेय?”

“मागच्या पायरीवर. जेवला नाही.”

“आणि घड्याळवाले किती वाजता?”

“चहाला येतो म्हणालेत. उत्तर घेऊनच जाणार आज.”

घड्याळवाले म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांमधले सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पुढचा पाळक कोण, हा प्रश्न त्यांनी पप्पांना पहिल्यांदा विचारला तेव्हा त्यांचे केस काळे होते. या मंडळीत जुन्या पाळकाने नाव घ्यायचं आणि मंडळीने मान्य करायचं, अशी रीत थोरल्या पाळकांपासून, म्हणजे पप्पांच्या वडिलांपासून चालत आली होती. पप्पा दरवेळी म्हणत, “प्रभूची वेळ आली की सांगेन.” मंडळी मान डोलवायची. घर मात्र पाळकाचं. जो पाळक असेल तो या घरात राहील, आणि त्याचं काम संपलं की किल्ली देईल. उपासनागृहाला लागून असलेल्या या चार खोल्यांत तीन पिढ्या राहिल्या होत्या. सूनबाईची मुलगी इथेच चालायला शिकली होती. त्या चार खोल्या आज घड्याळवाल्यांच्या चहाच्या कपात होत्या, असं सूनबाईला राहून राहून वाटत होतं.

जेवणाच्या खोलीत आत्या येऊन बसल्या होत्या. पप्पांच्या मोठ्या बहीण. पप्पांना ‘बाळ’ म्हणणाऱ्या जगातल्या आता एकट्याच. पप्पा आतल्या खोलीत झोपले होते, म्हणून त्या हलक्या आवाजात बोलत होत्या, म्हणजे त्यांना तसं वाटत होतं.

“माणूस थकतो. एकदा चुकलं तर एवढा गवगवा कशाला? प्रभूचं भोजन दोनदा मिळालं, त्यात काय कुणाचं नुकसान झालं?”

“आत्या, एकदा नाही,” नणंद म्हणाली. “वहिनीने सांगितलं मला. गेल्या महिन्यात लग्नाला नवऱ्या मुलीऐवजी तिच्या आईचं नाव घेतलं. त्याआधी अंत्यविधीला गेले आणि बाप्तिस्म्याचा पाठ काढला.”

“ते मी लगेच बदललं,” दारातून आवाज आला. दादा, सूनबाईचा नवरा, मागच्या पायरीवरून उठून आला होता. पन्नाशी ओलांडली तरी मंडळी त्याला ‘छोटे पाळक’च म्हणे. “मी शेजारी असतोच ना. पान पुढे करतो.”

“तू पान पुढे करतोस म्हणून तर त्यांना कळत नाही.”

“आणि न करू? सगळ्यांसमोर त्यांची शोभा होऊ देऊ?”

“आज झाली नाही का?”

“झाली नाही,” दादा म्हणाला. “तेच तर आहे. कुणी हूं की चूं केलं नाही.”

आत्यांनी हात उडवला. “उगाच घोळ घालू नका. आता बाळने याचं नाव घ्यायचं, घड्याळवाल्यांनी मान हलवायची, झालं. मुलगा आहे, शिकलेला आहे, वीस वर्षं हाताखाली काढलीत. अजून काय शिंगं लागतात पाळकाला?”

नणंद हसली. “शिंगं नाहीत म्हणूनच पप्पांनी ठेवून घेतलं त्याला.”

“तू गप गं. तुझ्या मंडळीत म्हणे बाया उपदेश करतात आणि पुरुष खुर्च्या लावतात.”

“लावतात की. सरळ रांगेत लावतात. तुम्ही या एकदा, तुम्हाला पुढची देऊ.”

आत्यांना हसू फुटलं आणि ते आवडलं नाही म्हणून त्यांनी पदराने तोंड पुसलं.

सूनबाई मेजाच्या कोपऱ्यावर बसली. नवऱ्याकडे तिने बघितलं नाही, त्याच्या हातांकडे बघितलं. त्याने पाण्याच्या ग्लासाखालची चकती फिरवायला सुरुवात केली होती. शनिवारी संध्याकाळी तो याच जागी बसायचा. रविवारचा उपदेश पप्पांना वाचून दाखवायचा, ही या घराची रीत. पप्पा समोर पेन्सिल घेऊन बसत. एखादं वाक्य आवडलं नाही की पेन्सिल मेजावर टेकवत, जोरात नाही, नुसती टेकवत, आणि दादा ते वाक्य गाळून पुढे जाई. सूनबाईने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मनाशी एक निरीक्षण केलं होतं आणि ते कधी बदलावं लागलं नव्हतं: पेन्सिल चुकीच्या वाक्यावर टेकत नसे, दादाच्या स्वतःच्या वाक्यावर टेकत असे.

पप्पा वाईट माणूस नव्हते. वर्षातून एकदा ते तरुणांसाठी सेवकवर्ग चालवत, म्हणजे मंडळीचे सेवक घडवायची शिकवणी. पुढारी घडवले नाहीत तर मंडळी एका माणसाबरोबर मरते, हे त्यांनी शेकडो वेळा सांगितलं होतं आणि मनापासून सांगितलं होतं. मुलं यायची, वाचायची, बोलायची, पेन्सिल टेकायची. ज्यांना ती सोसली नाही ते दुसरीकडे गेले आणि तिथे बरे पाळक झाले, पंच झाले. नणंद त्यांतलीच. ज्यांना सोसली ते राहिले. पप्पांच्या वर्गातून निघालेला माणूस प्रार्थना करताना श्वाससुद्धा पप्पांच्या जागी घ्यायचा. पप्पांना ते आवडायचं. त्यांना वाटायचं, काम झालं.

“तू काहीच बोलत नाहीस, सूनबाई,” आत्या म्हणाल्या. “तुझाही संसार आहे या घरात.”

“बोलून काय करू?”

“नवऱ्याला सांग जरा. याचं तोंड बघ. पाळकपद मिळतंय की फाशी, कळत नाही.”

दादाने चकती थांबवली. “आत्या, मला रुग्णालयात बोलावलंय.”

“कुणाला काय झालं?”

“कुणाला काही नाही. कामाला. तिथे आजाऱ्यांजवळ बसायला माणूस हवाय, कायमचा. वर्ष झालं विचारताहेत.”

आत्यांनी सूनबाईकडे बघितलं. सूनबाईने मान खाली घातली. तिला ठाऊक होतं. गेल्या पावसापूर्वी, झोपायच्या आधी, त्याने तिला सांगितलं होतं आणि विचारलं होतं, तुला काय वाटतं. ती म्हणाली होती, “बघू.” नंतर दोघांनीही तो विषय काढला नव्हता. रुग्णालयात तो कसा असतो हे तिने पाहिलं होतं. तळमजल्यावरच्या तिच्या प्रयोगशाळेतून नमुने घ्यायला ती वर जायची तेव्हा तो कुणाच्या तरी खाटेजवळ बसलेला दिसे, हात गुडघ्यांवर, कधी अर्धा तास काही न बोलता. तिथे त्याच्या खांद्यांची ठेवण वेगळी असायची. पण रुग्णालयाच्या कामाबरोबर घर नव्हतं. तिच्या ‘बघू’मध्ये या चार खोल्या होत्या, आणि त्याला ते कळलं होतं, म्हणून तो पुन्हा बोलला नव्हता.

“आजाऱ्यांजवळ पाळक म्हणून बस की!” आत्या म्हणाल्या. “कोण नको म्हणतंय? रविवारी उपदेश दे, सोमवारी बस.”

“दादा, तुला हवंय का ते पद?” नणंदेने विचारलं. “हो की नाही, एवढंच.”

“हवं-नको असं असतं का यात? मंडळी कुणाच्या भरवशावर सोडायची?”

“हे पप्पा बोलले. तू सांग.”

दादा उत्तर देणार तोच दार वाजलं.

घड्याळवाले आत आले, टोपी हातात, बूट पुसून पुसून. त्यांनी सगळ्यांना सलाम केला, आत्यांची तब्येत विचारली, खुर्चीच्या टोकावर बसले आणि चहाची वाट बघत मेजाच्या लाकडावरच्या रेषा न्याहाळू लागले. सूनबाईने चहा ठेवला.

“साखर बरोबर आहे?”

“तुमच्या हातची कधी चुकते का.” त्यांनी घोट घेतला, घसा खाकरला. “छोटे पाळक, मी फार लांबण लावत नाही. आज सगळे पंच उपासनेनंतर अंगणात थांबले होते. कुणी काही बोललं नाही.”

“मग थांबले कशाला?” नणंद म्हणाली.

“तेच. न बोलता थांबले, म्हणजे समजा की फार बोलले.” ते केविलवाणं हसले. “पाळकसाहेबांच्या तोंडून आज नाव यायला हवं. आम्ही तुमचंच धरून चाललोय. दुसरं कुणी डोक्यातही नाही कुणाच्या.”

“माझं तरी का आहे?” दादाने विचारलं.

घड्याळवाले गोंधळले. “म्हणजे? तुम्ही अगदी त्यांच्यासारखे आहात.”

आतल्या खोलीतून खाट करकरली, मग कपाटाचं दार. सगळे थांबले. पप्पा बाहेर यायला बराच वेळ लागला, आणि ते आले तेव्हा अंगात काळा कोट होता, गळपट्टी नीट बांधलेली, केस ओले करून मागे सारलेले. उपासनेला निघताना असत तसे. त्यांनी सगळ्यांकडे बघून मान हलवली, घड्याळवाल्यांना म्हणाले, “अरे वा, तुम्ही लवकर आलात,” आणि मग सूनबाईकडे वळले.

“पेले भरले का?”

दादा उठला. “पप्पा, बसा जरा. चहा घ्या, मग—”

“उशीर नको. प्रभुभोजनाचा रविवार आहे. सूनबाई, भरले का?”

आत्यांनी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत विनवणी होती. ‘हो’ म्हणायचं, त्यांना बसवायचं, चहा द्यायचा, दहा मिनिटांत ते विसरतील. हे सगळ्यांना जमत होतं. सूनबाईला तर फारच छान जमत होतं; सकाळी तिने ते हातांनी करून दाखवलं होतं.

“नाही, पप्पा,” ती म्हणाली. “सकाळी झालं प्रभुभोजन. दोनदा झालं.”

“अगं,” दादा म्हणाला.

“दोनदा?” पप्पांनी विचारलं.

“आशीर्वाद द्यायच्या वेळी तुम्ही परत पहिल्यापासून सुरू केलंत. दुसऱ्यांदा पेले मी भरले. न धुता भरले.”

पप्पा उभेच होते. त्यांनी एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जागेवर आलं, आणि ते येताना बघणं सूनबाईला कठीण गेलं, कारण आता ते पूर्ण शुद्धीत होते.

“सगळ्यांनी घेतलं?”

“सगळ्यांनी.”

“कुणी थांबवलं नाही मला?”

घड्याळवाले टोपी फिरवत म्हणाले, “पाळकसाहेब, आम्हाला वाटलं तुमचा काही हेतू असेल. काही शिकवण असेल त्यात.”

“हेतू.” पप्पा खुर्चीवर बसले. कोटाचं एक बटण त्यांनी उघडलं, परत लावलं. “एवढी माणसं. त्यांतल्या निम्म्यांना मी शिकवलं. हात धरून शिकवलं.” ते दादाकडे वळले. “तू माझ्या शेजारी होतास.”

“हो.”

“तुला कळलं होतं?”

“तुम्ही कापड उचललंत तेव्हाच.”

“मग तू काय म्हणालास?”

“आमेन,” दादा म्हणाला.

नणंद खिडकीकडे वळली. बाहेर उजेड राखाडी होता आणि अंगणात कुणाची तरी सायकल भिंतीला टेकलेली होती. आत्या नाक ओढत होत्या. पप्पांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले. ते प्रार्थना करताहेत की पुन्हा हरवले, हे सूनबाईला सांगता आलं नसतं. मग ते बोलले, आणि आवाज त्यांचा स्वतःचाच होता, व्यासपीठावरचा नव्हे, घरातला.

“घड्याळवाले, तुम्ही ऐका. मी आता तिथे उभा राहत नाही. आजपासून नाही. मी आधीच सांगायला हवं होतं, ते राहू दे.” त्यांनी मुलाच्या दिशेने हात पुढे केला. “आता याने घ्यावं. मी याचं नाव घेतो. तुम्ही साक्षीला आहात.”

“प्रभूची कृपा,” आत्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. घड्याळवाल्यांच्या खांद्यांवरून ओझं उतरलं. त्यांनी चक्क कपातला थंड चहा संपवला. ज्या शब्दांसाठी हे घर दहा वर्षं कान लावून बसलं होतं ते बोलून झाले होते, आणि ते इतके साधे निघाले होते.

दादाने वडिलांचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला, रुग्णालयात धरतो तसा, आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. सूनबाईने त्याचे खांदे बघितले आणि तिला कळलं. तिने खोलीभर नजर फिरवली: दाराच्या चौकटीवरच्या मुलीच्या उंचीच्या खुणा, ओल आलेला कोपरा, उपासनागृहाची सामाईक भिंत. मग दादाने वळून तिच्याकडे बघितलं. तो विचारत होता. या वेळी ती ‘बघू’ म्हणाली नाही. तिने होकारार्थी मान हलवली.

“पप्पा, तुम्ही नाव घेतलंत, त्याचा मला मान आहे,” तो म्हणाला.

“मग हो म्हण.”

“शेजारी उभं राहून मी गप्प बसलो. उद्या मी चुकलो तर हे सगळे माझ्या वेळीही गप्प बसतील, तुमच्यासारखाच आहे म्हणून. त्यांना आता निवडता यायला हवं. चुकलं तरी त्यांचं त्यांनी निवडावं.”

“बाळा, तू नाही तर कोण?” घड्याळवाले कळवळून म्हणाले. अहोजाहो विसरले.

“ते मी सांगायचं नाही. पप्पांनीही नाही. तुम्ही मंडळीला विचारा.”

पप्पांची बोटं त्याच्या तळहातात हलली. तेव्हा दादाने एक श्वास घेतला, मध्येच कुठेतरी, स्वतःच्या जागी.

“नाही, पप्पा. मी पाळक होणार नाही. आम्ही घर सोडतोय, आणि तुम्ही आमच्याबरोबर येताय.”